धुराड्यातील रहिवासी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए. च्या वर्गात विल्यम ब्लेक या इंग्रज कवीच्या, धुराडी झाडणाऱ्या मुलांवरील कविता मी शिकवीत होतो. सहासात वर्षांचे पोर, अंगभर काजळी, पाठीवर काजळीची झोळी, आणि पहाटेच्या थंडीत गल्लोगल्ली फिरून मारावयाची आरोळी, असे सर्व चित्र वर्गापुढे उभे केले. तास संपत आला असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उठून विचारले, "सर, पण त्यांच्याजवळ लांब दांड्याचा झाडू नव्हता का?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि "त्या काळी तशी सोय नव्हती, सोय होताच ती दुष्ट चाल बंद पडली," असे मोघम उत्तर देऊन मोकळा झालो. घरी येऊन ग्रंथ चाळले तेव्हा ध्यानी आले की, माझ्या उत्तराचा उत्तरार्ध सपशेल खोटा होता. त्या प्रमादाचे थोडेसे परिमार्जन व्हावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

आपल्यापैकी बहुतेकांस धुराडे म्हटले म्हणजे कापडगिरणीचे उंच धुराडे आठवते. कावसजी नानाभाई दावर यांनी इ. स. १८५४ साली मुंबईची पहिली कापडगिरणी काढली, तेव्हापासून गिरणगावाच्या आकाशात ही धुराडी वाढत गेली. आणि आता गिरण्या मिटल्यानंतर त्यांतील काही नुसती खूण म्हणून उभी आहेत. परंतु राहत्या घरास धुराडे असावे, ही कल्पना आपल्याकडे रुजली नाही. आपल्या चुलीचा धूर वाशांमधून, कौलांच्या फटींतून सावकाश वाट काढीत असे. त्याने स्त्रियांचे डोळे चुरचुरत, आढे काळे होई, जळमटे लोंबत. पण त्याच धुरावर बेण्याची म्हणून राखलेली मक्याची कणसे टांगलेली असत, कारण धुरातल्या दाण्यास कीड लागत नसे. घरात कुरकुर करणारे, पण वेळेस उपयोगी पडणारे एखादे वडीलधारे माणूस असावे, तसा तो धूर होता.

इंग्लंडातही एके काळी हीच स्थिती होती. दिवाणखान्याच्या मध्यभागी आगटी आणि छपरास भोक, एवढीच व्यवस्था. एसेक्स परगण्यातील रॅडविंटर या गावचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन याने इ. स. १५७७ साली आपल्या देशाचे वर्णन छापले. आपल्या हयातीत कोणते बदल झाले, याविषयी गावातील वृद्धांनी तीन गोष्टी सांगितल्याचे त्यात आहे, आणि त्यांतली पहिली म्हणजे नव्याने उभारलेली असंख्य धुराडी! जुन्या धुराने घराचे लाकूड टणक होई आणि घरधन्यास पडसे होत नसे, ही समजूतही त्याने नोंदवून ठेविली आहे. आपल्याकडील आजोबांस ही तक्रार फारशी परकी वाटली नसती.

पुढे सरपण महागले आणि लोक दगडी कोळशाकडे वळले. कोळशाचा धूर वर ओढून नेण्यास अरुंद नळी लागते. इ. स. १६६६ साली लंडन शहर आगीत जळून गेले, तेव्हा नवी घरे विटांची झाली आणि त्यांत मजल्यागणिक शेगड्या व शेगडीगणिक नळ्या बांधल्या गेल्या. इ. स. १६६२ पासून १६८९ पर्यंत तर सरकार प्रत्येक चुलीमागे दरसाल दोन शिलिंग करही घेत असे. या नळ्या सामान्यतः चौदा इंच लांब व नऊ इंच रुंद. काही नऊ इंच चौरस. जागा वाचविण्यासाठी त्या सरळ न नेता भिंतीच्या पोटातून वळणे देत नेलेल्या. आत काजळी साचली म्हणजे ओढ कमी होते, आणि पुरेशी साचली म्हणजे तीच पेट घेते. म्हणून धुराडे वेळोवेळी झाडणे हे घरधन्यास प्राप्तच होते.

आता या नळीत काजळीखेरीज आणखी काय सापडे, ते पाहण्याजोगे आहे. माणसाने जी पोकळी स्वतःच्या सोयीसाठी बांधली, ती इतर प्राण्यांनी आपल्याचसाठी बांधली असे समजून बळकाविली. जॅकडॉ नावाचा कावळ्याच्या कुळातील राखी मानेचा एक पक्षी आहे. तो वरून काटक्या टाकीत राहतो. त्यांतली एखादी आडवी अडकली की तिच्यावर दुसरी, तिसरी, असे करीत नळीत बुचासारखा भारा बसतो. वर लोकर नि केस यांची गादी घातली की घरटे तयार. झाडणाऱ्याचा कुंचा वर चढता चढता या भाऱ्यावर आपटे आणि काजळीऐवजी काटक्यांच्या टोपल्याच्या टोपल्या खाली येत. हा नुसता विनोद नव्हे. नळी बंद झाली म्हणजे धूर घरात परततो. आणि धुराबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर दिसतही नाही, वासही देत नाही, झोपलेल्यास उठूही देत नाही. वापरात नसलेल्या धुराड्यात मधमाश्या पोळे करितात. पुढे कोणी शेगडी पेटविली की मेण वितळून मध शेगडीत ठिबकू लागते. पक्ष्यांनी टाकून दिलेल्या घरट्यांत लोकरीचे कपडे खाणारी कसर वाढते आणि तेथून कपाटांत उतरते.

परंतु धुराड्याचा सर्वांत प्रसिद्ध बिऱ्हाडकरू म्हणजे भिंगरी. हॅम्पशर परगण्यातील सेल्बोर्न गावचा गिल्बर्ट व्हाइट हा पाद्री हिचा चरित्रकार. भिंगरी एप्रिलच्या मध्यास येते. धुराड्यात पाचसहा फूट खाली चिखल व गवत यांचे घरटे लिंपिते. आणि तेही बहुधा स्वयंपाकघराच्या नळीशेजारच्या नळीत. आपल्या चुलीच्या वैलास जशी आयती धग मिळते, तशी ऊब तिला तेथे जाळाशिवाय मिळते. ती नळीतून चढउतार करू लागली म्हणजे तिच्या पंखांनी कोंडलेली हवा थरारून ढगांसारखा गडगडाट होतो, हे व्हाइटने कान देऊन ऐकिले होते. एवढी गैरसोय ती का सोसते? याचे त्याने दिलेले कारण असे की, घुबडादी हिंस्र पक्ष्यांपासून पिले सुरक्षित राहावीत म्हणून. घुबडे वारंवार धुराड्यांतून खाली पडतात, ती बहुधा याच पिलांच्या लोभाने, असाही त्याचा तर्क होता. शेगडीतून अकस्मात घुबड बाहेर आले असता घरातील मंडळींची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी!

हीच भिंगरी हिवाळ्यात कोठे जाते, हे मात्र व्हाइटला उलगडले नाही. त्यांतल्या काही तरी इंग्लंडातच कोठे तरी निजून थंडी काढीत असाव्यात, ही शंका त्यास शेवटपर्यंत सोडून गेली नाही. उत्तर मिळावयास सव्वाशे वर्षे लागली. मे १९११ मध्ये स्टॅफर्डशर परगण्यात एका भिंगरीच्या पायात कडे घातले. ती डिसेंबर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका शेतघरात सापडली. आपल्याकडे थंडीच्या दिवसांत तारांवर रांगेने बसलेली दिसते ती याच जातीची. मात्र ती इंग्लंडातून नव्हे, तर हिमालय व त्याच्या उत्तरेकडील मुलुखांतून येते.

अमेरिकेत भिंगरीची ही जागा पाकोळीने घेतली. तेथील पाकोळी पूर्वी जुन्या पोकळ वृक्षांत राही. वसाहतवाल्यांनी अरण्ये तोडली आणि धुराडी उभी केली. पाकोळीने बिऱ्हाड बदलले. आपल्या लाळेने काड्या भिंतीस चिकटवून ती अर्ध्या बशीएवढे घरटे करिते. वेंगुर्ल्याच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर गुहांत राहणारी आपली पाकोळी लाळेचे घरटे करिते, तिची ही दूरची आप्तच म्हणावयाची. जॉन जॉसलिन या प्रवाशाने इ. स. १६७२ सालच्या आपल्या पुस्तकात न्यू इंग्लंडातील अशा एका धुराडेवासी पक्ष्याविषयी एक गोड समजूत नोंदविली आहे: घर सोडून जाताना तो आपले एक पिलू खोलीत टाकून जातो, जणू घरमालकाचे भाडेच! घरटे सुटून पिलू शेगडीत पडत असावे, एवढाच त्याचा अर्थ. पण अनाहूत पाहुण्याकडे पाहण्याची ती दृष्टी प्रेमळ होती, यात संशय नाही.

येथवर धुराड्याची कथा मनोरंजक आहे. आता वळण येते.

गिल्बर्ट व्हाइटचा निसर्गविषयक ग्रंथ आणि ब्लेकचा पहिला गीतसंग्रह या दोहोंच्या मुखपृष्ठावर एकच साल आहे : १७८९. दोघेही एकाच देशाचे, आणि दोघांनीही धुराड्यात डोकावून पाहिले. एकास तेथे भिंगरी दिसली, दुसऱ्यास मूल दिसले. व्हाइटला कोणी निष्ठुर म्हणू नये. तो खेड्यात राही आणि खेड्यातील मोठी धुराडी झाडावयास पुष्कळदा दोरीस बांधलेले झुडूपही पुरे पडे. परंतु शहरात नऊ इंचांच्या नळीत जो प्राणी वारंवार वरखाली करीत असे, तो मनुष्याचा होता.

या मुलांस धुराडेवाल्याकडे उमेदवार म्हणून ठेवीत. वय साधारण सहा ते आठ. चार वर्षांचीही असत. गरीब आईबाप काही नाण्यांवर मूल देत; अनाथ असल्यास त्याच्या पोषणातून सुटण्यासाठी गावची पंचायतच धुराडेवाल्यास वर पैसे देई. मुलाने कोपर व गुडघे भिंतीस रेटीत, सुरवंटासारखे अंग आखडीत नि पसरीत वर चढावयाचे आणि डोक्यावर धरलेल्या कुंच्याने काजळी खरवडावयाची. कातडी सोलवटे, ती निबर व्हावी म्हणून मुलास धगधगीत शेगडीजवळ उभे करून कोपरांस व गुडघ्यांस कडक मिठाचे पाणी चोळीत, अशी साक्ष इ. स. १८६३ साली सरकारी चौकशीपुढे नॉटिंगहॅमच्या एका धुराडेवाल्यानेच दिली. वळणावर गुडघे हनुवटीशी अडकले तर मूल तेथेच गुदमरे. जी वाचून मोठी होत, त्यांस पुढे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होई. पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शस्त्रवैद्याने इ. स. १७७५ साली त्याचा संबंध काजळीशी जोडून दाखविला. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्रास प्रथम कळले ते या मुलांच्या देहांवरून.

मग झाडू? एडिंबरोत धुराड्याच्या तोंडातून दोरीस वजनदार गोळा व कुंचा बांधून खाली सोडण्याची रीत होती; मुलाची गरजच पडत नसे. लंडनमध्ये इ. स. १८०३ साली मुलांस या धंद्यातून सोडविण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली, आणि त्याच सुमारास जॉर्ज स्मार्ट याने यंत्र केले. पोकळ नळकांडी दोरीवर ओवून एकापुढे एक जोडावयाची व टोकास कुंचा लावावयाचा, असे ते साधे यंत्र होते. इ. स. १८२८ साली ब्रिस्टलच्या जोसेफ ग्लासने त्यात सुधारणा करून लवचीक वेताच्या, फिरकीने जोडता येणाऱ्या काठ्या केल्या. आजही जगात धुराडी झाडतात ती मूलतः याच पद्धतीने. थोडक्यात, माझ्या विद्यार्थिनीने मागितलेला लांब दांड्याचा झाडू ब्लेकच्या दुसऱ्या कवितेनंतर अवघ्या नऊ वर्षांनी तयार होता.

आणि मुले चढत राहिली, ती पुढे सत्तर वर्षे.

याचे कारण शोधू लागले असता एखादा मोठा खलपुरुष सापडत नाही. सापडतात ती लहान लहान, सभ्य कारणे. यंत्राने गालिच्यावर काजळी सांडेल, अशी घरधनिणीस धास्ती. वळणे यंत्रास अडतात, ती मोडून नीट करावयाची किंवा भिंतीस झाकणाची दारे ठेवावयाची, तर खर्च येतो. धुराडेवाल्यास यंत्र विकत घ्यावे लागते. मूल फुकट मिळते. मुलाने झाडलेलेच खरे स्वच्छ होते, असा नोकरचाकरांचा ग्रह. जे न्यायाधीश कायदा मोडणाऱ्यास दंड करावयाचे, त्यांच्याच घरांत त्याच वळणांच्या नळ्या! यांतील कोणाच्याही मनात मूल मारावे असे नव्हते. फक्त गालिचा, भिंत आणि सवय यांस धक्का न लागता मूल वाचत असेल तर वाचावे, एवढीच प्रत्येकाची अट होती.

कायदे मात्र होत गेले. इ. स. १७८८ च्या कायद्याने उमेदवाराचे किमान वय आठ ठरले. अंमल कोणी केला नाही. इ. स. १८१७ साली कॉमन्स सभेच्या कमिटीने साक्षी घेऊन या चालीचे भयंकर स्वरूप उघड केले. पुढे आलेली बिले लॉर्डांच्या सभेत गळाली. १८३४ साली दुसरा कायदा झाला. १८४० साली तर एकवीस वर्षांखालील कोणास धुराड्यात चढविणेच गुन्हा ठरले. तरी १८६३ च्या चौकशीत मुले चढतच असल्याचे आढळले. त्याच वर्षी चार्ल्स किंग्जली याने धुराडी झाडणाऱ्या एका पोराची अद्भुत कथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि मध्यमवर्गीय घरांत मुलांबरोबर आईबापांनीही ती वाचिली. १८६४ साली कायदा कडक झाला, तरी पुरेसा नव्हे. फेब्रुवारी १८७५ मध्ये केंब्रिजजवळील फुलबर्न येथे जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा नळीत अडकला. भिंत फोडून त्यास बाहेर काढिले, पण तो वाचला नाही. त्याच्या धन्यास सहा महिने सक्तमजुरी झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी कित्येक वर्षे या प्रश्नाशी झगडत होता. त्याने त्याच साली नवा कायदा करवून घेतला. त्यात एकच नवी गोष्ट होती : धुराडेवाल्यास परवाना हवा, आणि त्यावर देखरेख पोलिसांनी करावी. आधीच्या कायद्यांत दया होती, शिक्षा होती. नजर ठेवणारा माणूस नव्हता. तो येताच चाल संपली.

येथे आणखी दोन तारखा सांगावयाच्या राहिल्या. गुराढोरांस क्रूरपणे वागवू नये, असा कायदा इंग्लंडात इ. स. १८२२ साली झाला. रानपक्ष्यांच्या रक्षणाचा १८७२ साली. मुलांच्या बाबतीत परिणामकारक ठरलेला कायदा या दोहोंच्या मागून आला. मुक्या प्राण्यांवरील दयेस मी नावे ठेवीत नाही. उलट, आज इंग्लंडात धुराडी झाडणाऱ्यास वर वापरातील घरटे आढळले तर १९८१ च्या कायद्यान्वये त्यास हात लावता येत नाही. पिले उडून जाईपर्यंत काम थांबवावे लागते. अमेरिकेत पाकोळीस १९१८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. तरीही नव्या घरांची धुराडी झाकलेली नि धातूच्या अस्तराची असल्याने तिला थारा उरलेला नाही, आणि २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंघाने तिची गणना असुरक्षित जातींत केली. पक्ष्यासाठी कुंचा थांबतो, हे योग्यच आहे. मनास टोचते ते एवढेच, की ज्या नळीत घरटे दिसताच आज हात आवरावा लागतो, त्याच नळीत मूल दिसत असताना शंभर वर्षे कोणाचा हात आवरला नाही. कारण उघड आहे. पक्षी तेथे अनपेक्षित होता, म्हणून तो दिसला. मूल तेथे असणारच, असे सर्वांनी धरले होते. म्हणून ते दिसेनासे झाले.

पुढल्या तासास मी वर्गात माझी चूक कबूल केली आणि १८०३ ची हकीकत सांगितली. तीच विद्यार्थिनी पुन्हा उठली. "मग सर, झाडू असूनही का?" वर लिहिलेली कारणे मी तिला सांगितली. ती लिहून घेऊन बसली. परीक्षेच्या दृष्टीने उत्तर पुरे होते.

त्या सायंकाळी घरी परतताना कोपऱ्यावर गटाराचे झाकण उघडे दिसले. दोघे जण कडेला दोर धरून उभे होते. तिसरा दिसत नव्हता. या रस्त्याने मी वीस वर्षे जात येत आहे. असे दृश्य यापूर्वी कधी दिसलेच नसेल, असे म्हणवत नाही. मी पाहिले नाही, एवढेच खरे. माणसाने हाताने मैला उपसण्याच्या चालीवर आपल्याकडे १९९३ साली बंदीचा कायदा झाला. २०१३ साली दुसरा झाला, आणि साधनांवाचून गटारात माणूस उतरविणे त्यात गुन्हा ठरले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने, गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावेत, असा हुकूम केला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच सर्व आले. उपसण्याची यंत्रे आहेत. कायदे आहेत. गल्ली अरुंद आहे, यंत्र वेळेवर येत नाही, आणि पाऊस तोंडावर आला आहे, ही कारणेही आहेत.

मी क्षणभर थांबलो. दोर हलला, आणि काळ्या चिखलाने माखलेले एक डोके वर आले. त्या माणसाने डोळे पुसून माझ्याकडे पाहिले. आपल्याकडे कोणी थांबून का पाहत आहे, याचेच त्यास नवल वाटले असावे.